आडवं न्हाय

माझ्या पहिल्या बाळंतपणात मी साडेनऊ तास छताकडे बघत होते. छताला तीन पात्यांचा पंखा होता आणि त्यातलं एक पातं किंचित वाकलेलं होतं. पाय दोन्हीकडच्या रिकिबीत अडकवलेले, कमरेखाली थंडगार रेक्झिन, आणि डोक्याशी उभी असलेली नर्स दर दोन मिनिटांनी ओरडायची, "खाली जोर द्या, खाली!" मी बी.एस्सी. फिजिक्स आहे. उताण्या माणसाचं 'खाली' त्याच्या पाठीकडे असतं, पायांकडे नाही. मी तिला तसं सांगायला गेले तर ती म्हणाली, "शिकलेल्या बायकांचा हाच प्रॉब्लेम."

शेवटी शौर्यला डोक्याला कप लावून ओढून काढला. डोकं दुधी भोपळ्यासारखं लांबट झालं होतं. होईल गोल, असं सगळे म्हणाले आणि ते झालंही. पण तीन आठवडे मी रोज सकाळी शिंप्याच्या टेपने त्याचं डोकं मोजत होते आणि वहीत लिहून ठेवत होते. तो तीन वर्षांचा झाला तरी झोपला की माझा हात आधी त्याच्या टाळूवरच जायचा.

म्हणून दोन हजार दोन साली मला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी एकच गोष्ट ठरवली. काही झालं तरी टेबलावर उताणं पडायचं नाही.

जुन्नरच्या कॉलेजचं माझं लायब्ररी कार्ड अजून माझ्याकडेच होतं. मी ते परत केलं नव्हतं आणि त्यांनी मागितलं नव्हतं. तिथे शरीरशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक सापडलं, त्यात ओटीपोटाच्या हाडांचं चित्र. मला वाटायचं, ती हाडं म्हणजे एक पक्कं कडं असेल. तसं नसतं. मागचं हाड आणि त्याच्या टोकाचं माकडहाड थोडंसं हलतं, दार बिजागरीवर हलावं तसं. बाळाचं डोकं आलं की ते मागे सरकून वाट देतं. आता बाईला उताणी पाडली तर तिचं सगळं वजन त्याच दारावर. म्हणजे दाराला पाठ लावून बसायचं आणि आतल्या माणसाला म्हणायचं, या की बाहेर.

हे मी माझ्या नवऱ्याला समजावलं. भगवंतचा ट्रॅक्टर आहे. उसाचा हंगाम संपला की तो ट्रॉलीतून माती, खत, विटा असं काय मिळेल ते वाहतो.

"अहो, ट्रॉलीतली माती कशी खाली करता?"

"हायड्रॉलिकनं. ट्रॉली उचलायची, माती आपली आपण घसरती."

"सपाट ठेवून मागून एकेक ढेकूळ ओढत नाही ना?"

"मी काय येडा हाय का?"

"मग मला का सपाट ठेवतात?"

भगवंतने बराच विचार केला. "म्हणजे तू ट्रॉली?"

"मी ट्रॉली नाही. मी उदाहरण देतेय."

"बरं. पण मग जॅक कुठं लावायचा?"

सासूबाईंना समजवायला मी कुकरची रिंग काढली आणि तिच्यातून शौर्यचा चेंडू घालून दाखवला. रिंग अशी दाबली की इकडून अरुंद, तशी दाबली की तिकडून रुंद. त्या दिवशी भात कच्चा राहिला. "तुझं हाडंबिडं ऱ्हाऊंदे, माझी रिंग दे," म्हणाल्या. कुशाबाई त्यांचं नाव. आमच्या येडगावात त्यांच्या शब्दापुढे ग्रामसेवकही जात नाही.

माझे सासरे सावळेराम, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, ते मात्र पहिल्यापासून माझ्या बाजूचे. "आपली हरनी गाय कदी उतानी पडून व्याली का? उबी ऱ्हाती, न्हायतर कुशीवर बसती. उतानं पडतं ते मेलेलं ढोर," असं त्यांनी भर जेवणात सांगितलं.

राहता राहिले डॉक्टर. नारायणगावात सुवालालशेठचं किराणा दुकान आहे. वरच्या मजल्यावर त्यांच्या मुलाने, डॉक्टर अरिहंतने, वर्षापूर्वी प्रसूतिगृह काढलं. पुण्याहून नवं टेबल आणलं होतं. शेठनी त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, आणि वरचं प्लॅस्टिक काही काढू दिलं नाही. टेबलाला पेडल होतं. येणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या नातेवाइकांना शेठ स्वतः वर येऊन दाखवायचे, "बघा पावणं, येकदा दाबलं की डोकं वर, दोनदा दाबलं की पाय वर. पुण्यात पण सगळ्यांकडे नाही."

डॉक्टर माणूस चांगला. माझं सगळं ऐकून घेतलं, वहीतली आकृतीसुद्धा बघितली. "वहिनी, पुस्तकात आहे ते बरोबर आहे. पण तुम्ही उकिडव्या बसलात तर मला दिसणार कसं?"

"खालून."

"खालून म्हणजे मी फरशीवर?" ते इतके हसले की शेठ दुकानातून वर बघायला आले. मग गंभीर होऊन म्हणाले, "बाळाचं डोकं खाली आहे, सगळं ठीक आहे. पण टेबल नको असेल तर मी जबाबदारी घेणार नाही. मग पुण्याला जा."

मला डॉक्टर हवे होते, फक्त टेबल नको होतं. इतक्या साध्या गोष्टीला जागाच नव्हती. घरी येऊन मी पडवीतच जाहीर केलं, "मी आडवी होणार नाही."

"तू कशाला काळजी करती?" तात्या म्हणाले. "शेठची न् माझी तीस वर्षांची वळख हाय. फोन करून सांगतो."

फोन डेअरीवर. तात्यांचं फोनबद्दल एक ठाम मत आहे. जेवढं कमी बोलावं तेवढं पलीकडच्याला नीट कळतं. इकडे दुधाच्या कॅनांचा खणखणाट, तिकडे शेठच्या दुकानाला लागून मिरचीचं कांडप. तात्या ओरडले, "शेठ! सून म्हनती, आडवं न्हाय!" आणि फोन ठेवला.

तिकडे त्यातला 'न' मिरचीत कांडला गेला. शेठना ऐकू आलं, "सून म्हनती, आडवं हाय."

आमच्याकडे गरोदर बाईच्या घरून 'आडवं हाय' असा निरोप आला तर त्याचा एकच अर्थ. पोटातलं मूल डोकं खाली करून नाही, आडवं पडलंय. असं मूल आपण होऊन बाहेर येत नाही, आई आणि मूल दोघांच्याही जिवाला धोका असतो. शेठनी डॉक्टरांना सांगितलं, आणि नंतर येडगावचं जे गिऱ्हाईक आलं त्याला साखरेच्या पुड्याबरोबर हीच बातमी बांधून दिली. संध्याकाळच्या आत ती गावात आली. तात्यांना ती देवळापाशी कळली. धावत घरी आले.

"माझ्याच सुनेचं आडवं, आन मला कुनी सांगितलं न्हाई?"

"तात्या, तुम्हीच फोन केलात!"

"मी आडवं न्हाय म्हनालो."

"हो ना. मग?"

"पन डाक्टर आडवं हाय म्हनतो. डाक्टरला माज्यापरीस जास्त कळतं."

डॉक्टरांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, घरच्यांनी सांगितलं. मागच्याच आठवड्यात त्यांनी स्वतः डोकं खाली बघितलं होतं. पण फिरलं असेल, असं शेठ म्हणाले, आणि घरच्या बायकांना काहीतरी दिसल्याशिवाय त्या बोलत नाहीत, असंही म्हणाले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की पुण्याला सिझेरियनची सोय केली आहे, शुक्रवारी सकाळी गाडी येईल.

मी ओरडून सांगितलं, "मूल आडवं नाही! मला आडवं व्हायचं नाही!"

सासूबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. "भ्याली बिचारी. बरळाय लागली."

आणि मग घर आडव्याच्या मागे लागलं. पहिल्यांदा दाराचा अडसर काढून उभा केला. कपडे वाळत घालायची दांडी काढली, ओली लुगडी दांडीवाचून पेरूच्या झाडावर गेली. लाटणं पिठाच्या डब्यात उभं खोचलं. पलंग भिंतीला उभा केला, आणि तो उभा केल्यावर तात्यांनी कुठे झोपायचं हा प्रश्न आला. ते कणगीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचे. दुपारी हळूहळू एका अंगाला कलायला लागले की सासूबाई झाडूच्या दांड्याने ढोसायच्या, "आवो, आडवं होऊ नका! पोराचा जीव हाय!" मांजर आडवं जाऊ नये म्हणून त्याला कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडलं आणि कोंबड्या पडवीत आल्या. भगवंतने ट्रॉली रस्त्याला सरळ लावली, मग पुन्हा उतरून कमरेचा पट्टा काढून मोजून बघितलं आणि वीतभर आणखी सरळ केली.

ग्रामपंचायतीचा शिपाई घरपट्टीची नोटीस घेऊन आला आणि त्याने दारातून आडनावाने हाक मारली. तात्या अंगावर धावले. "आडनाव घेतो? माज्या दारात आडनाव घेतो?"

हे हसण्यासारखं होतं हे मला कळत होतं. पण तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, जाता-येता मीसुद्धा डब्यात लाटणं उभं आहे ना ते बघते आहे.

मग लंकाबाईला आणलं. लंकाबाई घाटघरची. दरवर्षी टोळीबरोबर आमच्याकडे कांदा काढायला यायची, आणि तिकडे वर डोंगरात तिने किती बाळंतपणं केली त्याचा तिलाच पत्ता नव्हता. आडवं मूल चोळून सरळ करते म्हणून तिची ख्याती. सासूबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि स्वतः दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. लंकाबाईने हाताला तेल घेतलं, मला भिंतीला टेकून बसवलं आणि पोटावर हात ठेवले. डावीकडे दाबलं, उजवीकडे दाबलं, खाली चिमटीत धरून बघितलं. मग माझ्या कानाशी तोंड आणलं.

"डोकं तर खाली हाय गं. पाठ डाव्या अंगाला. सरळ सूत हाय."

"मला माहीत आहे, मावशी."

"मग गावभर आडवं आडवं कशापायी?"

मी कुजबुजत सगळं सांगितलं. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती हसली. खांदे हलत होते, आणि दारातल्या सासूबाईंना वाटलं की बाईला रडू फुटलंय. त्या मोठ्याने देवाचं नाव घ्यायला लागल्या.

"सांगू का भाईर?" लंकाबाईने डोळे पुसत विचारलं.

"सांगा ना! माझं कुणी ऐकत नाही."

"थांब. सांगितलं तर काय व्हईल?"

"टेबलावर घेतील."

"आन न्हाय सांगितलं तर?"

"पुण्याला नेतील. शुक्रवारी."

तिने पुन्हा एकदा ओटीपोटावर तळवा दाबला. "ह्ये शुक्रवारची वाट बघनार न्हाय," म्हणाली, आणि दार उघडून मोठ्याने सांगितलं, "आडवं हाय! पन मी फिरवीन. बाईला आडवी पाडायची न्हाय. आडव्यावर आडवं चालत न्हाय. उबी ठिवायची. बसली तर उकिडवी."

मी गप्प राहिले. खोटं मी बोलले नव्हते, फक्त खरं पुन्हा बोलले नाही. परीक्षेत एखादं उत्तर चुकून बरोबर यावं आणि आपण रीत लिहायचं टाळावं, तसं.

गुरुवारी सकाळी भाकऱ्या चालू असतानाच कळा सुरू झाल्या. जीप सांगू, असं भगवंत म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, जीपमध्ये रेलावं लागतं. म्हणून ट्रॉली. पुढच्या लोखंडी दांडीला धरून मी उभी, एका बाजूला लंकाबाई, दुसऱ्या बाजूला सासूबाई, मागे तात्या शौर्यला खांद्यावर घेऊन. कालव्याच्या कडेने नारायणगाव दहा मिनिटांवर आहे. भगवंतने तिकडे वळवायला घेतलं तर तात्या ओरडले, "ती आडवाट हाय! सडकंनं घे!"

सडकेला टोमॅटोची गर्दी. मे महिना, मार्केटकडे जाणारे टेम्पो, पिकअप, क्रेटांच्या थप्प्या. दर सात-आठ मिनिटांनी कळ यायची. मी दांडी घट्ट धरून गुडघे वाकवायचे, कंबर झुलवायचे, आणि लंकाबाई मुठीने माझं माकडहाडाच्या वरचं हाड दाबून धरायची. पोट पुढे, हात दांडीवर, वारा तोंडावर, प्रचाराला निघाल्यासारखी. एका पिकअपमधून आवाज आला, "कोनती पार्टी, राव?"

"पार्टी न्हाय, बाळातीन हाय!" सासूबाई गरजल्या. "आडवं हाय! वाट द्या!"

ही हाक पुढे पुढे गेली. आडवं हाय, आडवं हाय. पुढे एका ट्रकवाल्याने माल उतरवायला ट्रक रस्त्यात आडवा लावला होता. ड्रायव्हर चहाला गेलेला. चाळीसेक माणसं जमली, त्यांनी 'हैय्या' करत तो ट्रक ढकलून सरळ केला. एक म्हातारा मला हात जोडून म्हणाला, "सरळ येऊंदे, माय." प्रत्येक गतिरोधकावर बाळ बोटभर खाली सरकत होतं, हे मला कळत होतं. मी मनातल्या मनात गतिरोधक मोजत होते. अकरा झाले.

प्रसूतिगृहाचा जिना लंकाबाईने मला आडव्या चालीने चढवला, एक पाय वरच्या पायरीवर, कूस भिंतीकडे. आडव्या चालीला कुणी हरकत घेतली नाही, कारण तोपर्यंत सगळे धापा टाकत होते. डॉक्टर वर हातमोजे घालून तयार. "टेबलावर घ्या, आधी बघू दे किती आडवं आहे."

सासूबाई टेबलापुढे हात पसरून उभ्या राहिल्या. "आडवी पाडायची न्हाय!"

"अहो आजी, तपासायला तरी!"

"माझं टेबल उभं होतं की!" सुवालालशेठ पुढे झाले. "थांबा, दाखवतो." त्यांनी पेडल एकदा दाबलं. दोनदा दाबलं. मग बरेचदा दाबलं. टेबलाचं डोकंही वर गेलं आणि पायही वर गेले, आणि ते मधून घडी पडून अर्ध्या पुस्तकासारखं अडकून बसलं. प्लॅस्टिक सळसळत खाली आलं. शेठ त्याच्याकडे बघत राहिले. "गाडीचं ग्रीस आहे का कुणाकडे?" भगवंत ट्रॅक्टरकडे धावला.

माझी पुढची कळ थांबणारी नव्हती. मी टेबलाच्या पायाला धरून वाकले. डॉक्टरांनी नाइलाजाने मागून गुडघ्यावर बसून तपासलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"डोकं! डोकं तर इथे दारात आहे!"

बाहेर जल्लोष झाला. तात्या म्हणाले, सडकंनं आणल्याचा गुण. ग्रीसचा डबा घेऊन आलेला भगवंत म्हणाला, ट्रॉलीचा गुण. शेठ म्हणाले, टेबल बघूनच फिरलं. लंकाबाईने पदराचा बोळा पुन्हा तोंडात कोंबला.

भगवंतने दोन ठिकाणी ग्रीस मारलं, टेबल कुरकुरत सरळ झालं, आणि डॉक्टर म्हणाले, "चला. आता सरळ आहे ना? घ्या वर."

सासूबाईंनी पसरलेले हात खाली घेतले. माझा दंड धरला. "चल बाई. आता आडवं व्हायला काय हरकत न्हाय."

मी त्या टेबलाकडे बघितलं. रिकिबी चकचकत होत्या. वर छताला पंखा होता. माझ्या तोंडून निघालं, "आई, आडवं कधी नव्हतंच. मला आडवं व्हायचं नव्हतं. तात्यांनी न्हाय सांगितलं, शेठना हाय ऐकू आलं."

सासूबाई लंकाबाईकडे बघत होत्या, लंकाबाई खिडकीबाहेर. शेठ हळूच म्हणाले, "मिरचीचं कांडप चालू होतं."

"आमी चार दिस बसून झोपलो," तात्या म्हणाले.

"मी पुण्याला फोन केले, वहिनी," डॉक्टर म्हणाले. त्यांना खरंच लागलं होतं. "गाडी सांगितली. आता तरी माझं ऐका, वर या."

पुढची कळ आली आणि मी होते तिथेच उकिडवी बसले, टेबलाचा पाय दोन्ही हातांनी कवटाळून. "नाही. डॉक्टर, डोकं तुम्ही आत्ता बघितलंत. तुम्हाला सगळं येतं. फक्त खाली या."

डॉक्टरांनी वडिलांकडे बघितलं. टेबलाकडे बघितलं. मग फरशीकडे. बाहेरच्यांना घालवून दार लावायला सांगितलं, चादर अंथरली, पांढरा कोट काढून घडी केली, हातमोजे बदलले, आणि टॉर्च दातात धरून पोटावर आडवे झाले.

दार पुरतं लागायच्या आत शेठचा आवाज आला, "अरिहंत! एवढं टेबल आणलं, आणि तू खाली?"

पुस्तकात होतं तसं मी केलं. गुडघे होतील तेवढे फाकवले. एक कळ, दोन, पाच, सात. खालून डॉक्टर सांगत होते, "येतंय... येतंय... गेलं परत." आठव्यानंतर त्यांनी नळी लावून ठोके ऐकले. "ठोके ठीक आहेत. पण फार वेळ नको." थोडं थांबून नर्सला म्हणाले, "कप काढून ठेवा."

कप. सगळं केलं, गाव फिरवलं, आणि शेवटी पुन्हा तेच.

"गुडघं आत घे," लंकाबाई म्हणाली.

"काय?"

"गुडघं आत. टाचा भाईर. थोडी वर ऊठ, पुढं वाक."

"मावशी, उलट! मांड्या जवळ आणल्यावर वाट मोठी कशी होईल?"

"वरलं दार उगडाया मांड्या फाकवायच्या. ते कवाच झालं. आता खालच्या दारात हाय ते. खालचं दार गुडघं आत घेतल्याबिगार उगडत न्हाय."

"पण कुकरच्या रिंगेत..."

"तुझी रिंग घरला ऱ्हायली. माझं आयक."

फरशीवरून टॉर्च दातात धरलेला आवाज आला, "वहिनी, आयका त्यांचं."

मी ऐकलं. पाय फेंगडे बाहेर, गुडघे एकमेकांना चिकटलेले, धड पुढे. शाळेत लघवीला सोडत नाहीत तेव्हा पहिलीतली पोरगी उभी राहते, अगदी तशी. बी.एस्सी. फिजिक्स. कळ आली आणि आत काहीतरी सरकलं. हाडं बाजूला झाल्याचं मला स्पष्ट जाणवलं, सासूबाईंनी मागून काखेत हात घालून मला तोललं, आणि पुढच्या कळेला डोकं आलं, मग खांदे, आणि मग सगळंच एकदम, डॉक्टरांच्या पसरलेल्या दोन्ही हातांत.

"मुलगी," ते जमिनीवरूनच म्हणाले. टॉर्च पडला होता. ती रडली, आणि मी पहिल्यांदा तिचं डोकं बघितलं. गोल होतं.

बाराव्या दिवशी बारसं उरकलं. मुलगी झोपली होती, पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नव्हती. गुडघे आत घेतल्यावर खालचं दार उघडतंच कसं? वहीत तीन आकृत्या काढल्या आणि तिन्ही चुकल्या. बाण भलतीकडेच जायचे. शेवटी दार लोटून घेतलं, कुणी अजून खाली न घेतलेल्या उभ्या पलंगाला डोकं टेकवून वाकले आणि दोन्ही हातांची बोटं खाली बसायच्या हाडांवर ठेवली. गुडघे फाकवले. हाडं जवळ आली. गुडघे आत, टाचा बाहेर. हाडं बोटांखालून सरकत लांब गेली. पुन्हा केलं. पुन्हा गेली.

सासूबाई अळिवाची खीर घेऊन आत आल्या. "अगं बया! आता काय तिसरं?"

"नाही आई. बघतेय."

"काय बघतीस?"

मी सांगितलं. त्यांनी वाटी फळीवर ठेवली, लुगड्याचा काष्टा नीट केला आणि माझ्या शेजारी येऊन वाकल्या. "हात कुठं ठिवायचं?"

मी त्यांचे हात धरून जागेवर ठेवले. "आता गुडघे आत."

त्यांनी गुडघे आत घेतले. "अगं, हलत्यात की!"

"हलतात."

"पाच बाळातपनं झाली माझी. भगवंताच्या येळंला दोन दिस खाटंवर उतानी व्हते. मेले आसते." त्यांनी गुडघे फाकवले, पुन्हा आत घेतले. "ही हाडं तवा बी हलत व्हती का?"

"तेव्हाही, आई."

तेवढ्यात दार ढकलून तात्या आत डोकावले. दोन बायका, शेजारी शेजारी, पलंगाला डोकं लावून, गुडघे आत, हात मागे. त्यांनी आवाज न करता दार ओढून घेतलं, आणि बाहेर भगवंतला सांगताना ऐकू आले, "आत जाऊ नको. आन मला काय इचारू नको."

सासूबाईंचं लक्ष नव्हतं. "परत येकदा दाखीव," त्या म्हणाल्या. "डाव्या अंगाचं हाड मी नीट धरलं नव्हतं."